चित्रफीत संकलनासाठी संगणकप्रणालीची निवड : सोयींइतकाच परतीचा मार्गही महत्त्वाचा

चित्रपट, माहितीपट, वार्तापट, विवाह सोहळा किंवा शालेय उपक्रम यांचे चित्रण पूर्ण झाले की संकलनाचे काम सुरू होते. या कामासाठी आज अनेक संगणकप्रणाली उपलब्ध आहेत. काही विनामूल्य आहेत, काही एकदाच किंमत भरून घेता येतात, तर काही मासिक वा वार्षिक वर्गणीवर मिळतात. बहुतेक खरेदीदार त्यांची तुलना सोयींच्या यादीवरून करतात. तथापि, गेल्या तीन दशकांचा अनुभव पाहता ही यादी फार काळ टिकत नाही. एका प्रणालीत आलेली सोय काही काळाने दुसरीतही येते. टिकवावा लागतो तो संकलकाने केलेल्या कामाचा साठा. म्हणूनच, प्रणाली बंद पडल्यास किंवा सोडावी लागल्यास आपले काम तिच्यातून बाहेर कसे काढता येईल, हा प्रश्न निवडीच्या वेळीच विचारणे आवश्यक ठरते.

प्रोजेक्ट फाइलमध्ये काय असते

संकलन प्रणालीत तयार होणाऱ्या प्रोजेक्ट फाइलमध्ये सर्वसाधारणपणे मूळ चित्रण नसते. कोणत्या फितीचा कोणता भाग कोठून कोठपर्यंत घ्यायचा, त्यावर कोणता ध्वनी, कोणते शीर्षक आणि कोणती रंगदुरुस्ती असावी, याच्या सूचना तेवढ्या तीत नोंदलेल्या असतात. मूळ चित्रण डिस्कवर अन्यत्र, आहे तसेच राहते. त्यामुळे संकलकाकडे प्रत्यक्षात दोन ठेवी असतात. पहिली, कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फायली. या जवळपास कोणत्याही प्रणालीत उघडता येतात. दुसरी, संकलनाचे निर्णय. हे मात्र ज्या प्रणालीत घेतले गेले तिच्याच भाषेत लिहिलेले असतात. तासन् तास बसून केलेले काम या दुसऱ्या ठेवीत असते आणि प्रणाली बदलताना धोका तिलाच पोहोचतो.

हे निर्णय एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्यासाठी काही सामाईक स्वरूपे प्रचलित आहेत. त्यांतील ईडीएल ही सर्वांत जुनी आणि साधी यादी होय. तीत प्रामुख्याने कापण्याच्या जागा व काही साधे बदल नोंदवले जातात. एक्सएमएल आणि एएएफ या स्वरूपांत त्याहून अधिक तपशील नेता येतो. मात्र, विशेष परिणाम, शीर्षकांची मांडणी आणि रंगदुरुस्ती बहुधा पूर्णपणे पलीकडे जात नाहीत. प्रणाली बदलता येते, पण त्याची काही किंमत मोजावी लागते, असा याचा अर्थ आहे.

कात्रीपासून संगणकापर्यंत

चित्रपटाची फीत हाताने कापून जोडण्याची पद्धत अनेक दशके चालली. चुंबकीय फितींच्या काळात एका यंत्रावरील दृश्य दुसऱ्या यंत्रावर क्रमाने उतरवावे लागे; मध्येच एक दृश्य वाढवायचे झाल्यास पुढचे सर्व काम पुन्हा करण्याची वेळ येत असे. संगणकाच्या साहाय्याने कोणत्याही क्रमाने संकलन करण्याची पहिली यंत्रणा, सीएमएक्स ६००, अमेरिकेत १९७१ मध्ये सादर झाली. तथापि, सर्वसाधारण संगणकाधारित संकलनाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले ते अ‍ॅव्हिड या कंपनीने १९८९ मध्ये आपली प्रणाली बाजारात आणल्यानंतर. अडोबीची प्रीमिअर ही प्रणाली १९९१ मध्ये आली.

प्रीमिअरच्या पहिल्या आवृत्त्या घडवणारे रँडी उबिलोस यांनी पुढे मॅक्रोमीडिया या कंपनीत नव्या प्रणालीवर काम केले. ती प्रणाली अ‍ॅपलने १९९८ मध्ये विकत घेतली आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो या नावाने प्रसिद्ध केली. आज परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन प्रणालींमागे अशा प्रकारे एकच व्यक्ती होती.

चित्रपटसृष्टीतही हा बदल लवकरच दिसून आला. वॉल्टर मर्च यांनी अ‍ॅव्हिडवर संकलित केलेल्या 'द इंग्लिश पेशंट' या १९९६ च्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाले. त्याच मर्च यांनी २००३ चा 'कोल्ड माउंटन' हा चित्रपट फायनल कट प्रोवर संकलित केला आणि त्यालाही संकलनाचे नामांकन प्राप्त झाले. थेल्मा शूनमेकर यांच्यासारख्या ख्यातनाम संकलक लाइटवर्क्स या प्रणालीवर काम करत आल्या आहेत. उत्तम संकलन एखाद्या विशिष्ट प्रणालीची मक्तेदारी नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत, आजच्या भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत, संकलनाचे शिक्षण या सर्व प्रणालींच्या आधीपासून दिले जात आहे.

२०११ चा धडा

प्रणालीवरील अवलंबित्वाचे सर्वांत बोलके उदाहरण २०११ मध्ये घडले. २१ जून रोजी अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स ही पूर्णतः नव्याने लिहिलेली प्रणाली प्रसिद्ध केली. तिची किंमत २९९.९९ डॉलर, म्हणजे आधीच्या संचाच्या तुलनेत बरीच कमी होती. ती आधुनिक ६४ बिट संगणकांचा पूर्ण उपयोग करत होती आणि तिचा वेगही चांगला होता. मात्र, आधीच्या सातव्या आवृत्तीतील प्रोजेक्ट फायली ती उघडू शकत नव्हती. अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणाचे एकत्र संकलन, एक्सएमएल व ईडीएलची देवाणघेवाण आणि फितीवर उतरवण्याची पुरेशी व्यवस्था या गोष्टी पहिल्या आवृत्तीत नव्हत्या. जुन्या संचाची विक्रीही त्याच वेळी थांबवण्यात आली.

व्यावसायिक संकलकांमध्ये याची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि अनेकांनी प्रीमिअर किंवा अ‍ॅव्हिडचा मार्ग धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक्सएमएलची सोय, तर जानेवारी २०१२ मध्ये अनेक कॅमेऱ्यांच्या संकलनाची सोय अ‍ॅपलने उपलब्ध करून दिली. पुढील काळात ही प्रणाली स्थिरावली आणि तिला स्वतःचा वर्गही मिळाला. परंतु जुन्या कामाचा प्रश्न शिल्लक राहिला. अ‍ॅपलच्या २०१९ मधील कॅटालिना या कार्यप्रणालीपासून ३२ बिट प्रणाली चालणे पूर्णपणे बंद झाले; सातवी आवृत्ती तर त्याआधीच नव्या कार्यप्रणालीवर चालेनाशी झाली होती. ज्यांनी जुन्या संगणकावर असतानाच आपल्या प्रोजेक्टची एक्सएमएल प्रत काढून ठेवली होती, त्यांना ते काम पुढे नेणे शक्य झाले. इतरांना जुना संगणक जपणे किंवा तयार चित्रफितीवर समाधान मानणे एवढेच पर्याय राहिले.

खरेदी की वर्गणी

मे २०१३ मध्ये अडोबीने आपल्या प्रणाली यापुढे केवळ वर्गणीवर देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यापूर्वीचा, २०१२ मधील सीएस ६ हा कायमस्वरूपी परवान्यावर मिळणारा शेवटचा संच ठरला. वर्गणीचे फायदे आहेत. सुरुवातीला मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही, नव्या आवृत्त्या मिळत राहतात आणि काम असेल तेवढ्याच काळासाठी प्रणाली घेता येते. दुसरी बाजू अशी की वर्गणी थांबल्यावर प्रोजेक्ट फाइल संगणकावर राहते, पण ती उघडण्याचे साधन राहत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या माहितीपटात एक नाव दुरुस्त करायचे असल्यास त्यासाठीही वर्गणी पुन्हा सुरू करावी लागते.

खर्चाची तुलना करताना महिन्याचा दर न पाहता किमान ३६ महिन्यांची एकूण रक्कम मांडणे योग्य ठरते. त्यात करांची रक्कम, डॉलरमधील दर असल्यास विनिमयाचा फरक आणि एकाहून अधिक संगणकांसाठी लागणारे परवाने धरावेत. ही रक्कम एकरकमी किमतीशेजारी ठेवली असता चित्र स्पष्ट होते.

प्रमुख प्रणालींचे स्वरूप

अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझर ही प्रणाली मोठे चित्रपट, मालिका व वृत्तकक्ष यांत रुळलेली आहे. अनेक संकलक एकाच साठवण यंत्रणेवरील एकाच प्रकल्पावर काम करत असताना परस्परांचे काम पुसले जाणार नाही, याची शिस्तबद्ध व्यवस्था हे तिचे मुख्य बळ होय. शिकण्यास ती काहीशी कठीण मानली जाते. एकट्याने काम करणाऱ्यास या व्यवस्थेचा फारसा उपयोग होत नाही.

प्रीमिअर विंडोज व मॅक या दोन्हींवर चालते. छायाचित्रे, चलचित्रण-आलेखन आणि शीर्षके यांसाठीच्या अडोबीच्या अन्य प्रणालींशी तिचा सहज मेळ बसतो. जाहिरात व आंतरजालावरील चित्रफितींच्या क्षेत्रात तिचा वापर मोठा असल्याने सहकारी व प्रशिक्षण मिळणे सोपे जाते. मात्र, नव्या आवृत्तीत जतन केलेले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, याची नोंद घ्यावी लागते.

फायनल कट प्रो केवळ अ‍ॅपलच्या संगणकांवर व टॅब्लेटवर चालते. त्याच कंपनीच्या यंत्रासाठी ती घडवलेली असल्याने साध्या लॅपटॉपवरही वेग चांगला मिळतो. तथापि, ही निवड म्हणजे यंत्राचीही निवड होय. उद्या विंडोजवर जायचे ठरल्यास प्रणाली सोबत नेता येत नाही.

दा विंची रिझॉल्व्ह ही मुळात रंगदुरुस्तीची प्रणाली. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने २००९ मध्ये ती ताब्यात घेतली आणि २०११ मध्ये तिची विनामूल्य आवृत्ती आणली. पुढे तीत संकलनाची भर पडली. २०१७ मध्ये ध्वनीचा आणि २०१८ मध्ये दृश्यपरिणामांचा विभाग जोडण्यात आला. २०१७ मध्ये तिच्या पूर्ण आवृत्तीची एकरकमी किंमत २९९ डॉलरपर्यंत खाली आली. विनामूल्य आवृत्तीत अल्ट्रा एचडी आकारापर्यंतचे काम करता येते, मात्र ध्वनिचित्रातील गोंगाट कमी करण्यासारखी काही साधने पूर्ण आवृत्तीतच मिळतात. ही प्रणाली लिनक्सवरही चालते. ती प्रोजेक्ट स्वतःच्या माहितीसंचात ठेवते. त्यामुळे संगणक बदलताना किंवा नवी आवृत्ती टाकताना प्रोजेक्टची स्वतंत्र प्रत आधी काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. चांगल्या ग्राफिक कार्डाशिवाय ती मंदावते.

मुक्त स्रोत पर्याय

केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट या मुक्त स्रोत प्रणाली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालतात. शाळा, ग्रंथालये, सामाजिक संस्था आणि नवशिके यांच्या बहुतांश गरजा त्या भागवतात. त्यांची जुनी आवृत्ती जपून ठेवण्यास परवान्याची आडकाठी नसते. केडेनलाइव्ह व शॉटकट यांच्या प्रोजेक्ट फायली साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्याने त्यांतील नोंदी वाचणेही शक्य असते. मर्यादा मात्र आहेत. रंगदुरुस्तीची साधने तुलनेने साधी आहेत, आणि व्यावसायिक स्टुडिओशी प्रोजेक्टची देवाणघेवाण सहज होत नाही.

भ्रमणध्वनीवरील संकलन

भ्रमणध्वनीवर चित्रण, संकलन आणि प्रसारण एकाच यंत्रावर होऊ लागल्याने लाखो जणांनी संकलनाचा पहिला अनुभव तेथेच घेतला. यातील जोखीम भारतीय वापरकर्त्यांच्या लक्षात आली ती २९ जून २०२० रोजी. त्या दिवशी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वये ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत व्हिवाव्हिडिओ या संकलन अ‍ॅपचाही समावेश होता. अशा अ‍ॅपमधील अर्धवट काम दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडत नाही. कारण सुरक्षेचे असो, कंपनी बंद पडल्याचे असो वा दरवाढीचे, वापरकर्त्यावरील परिणाम सारखाच असतो. त्यामुळे भ्रमणध्वनीवर काम करणाऱ्यांनी मूळ चित्रण व तयार चित्रफीत या दोन्हींची प्रत अ‍ॅपच्या बाहेर ठेवणे हिताचे आहे.

संगणकाची क्षमता आणि साठवण

पुष्कळदा प्रणाली मंद असल्याची तक्रार केली जाते; प्रत्यक्षात अडचण चित्रणाच्या स्वरूपात असते. एच.२६४ व एच.२६५ या प्रकारांत जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवता बहुतेक फ्रेममध्ये केवळ आधीच्या-नंतरच्या फ्रेमपासूनचा फरक साठवला जातो. परिणामी, मधल्या एका फ्रेमवर थांबण्यासाठीही संगणकाला अनेक फ्रेमचे गणित करावे लागते. प्रोरेससारख्या संकलनासाठीच्या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. काम हलके होते, पण जागा अधिक लागते.

सेकंदाला १०० मेगाबिट दराने केलेले एक तासाचे चित्रण सुमारे ४५ गिगाबाइट जागा घेते. तीन कॅमेऱ्यांनी चार तासांचा सोहळा चित्रित केल्यास केवळ मूळ साठा ५४० गिगाबाइट होतो आणि सुरक्षिततेसाठी त्याची दुसरी प्रत ठेवल्यास तो एक टेराबाइटच्या पुढे जातो. म्हणून अंदाजपत्रकात डिस्कचा खर्च प्रणालीइतकाच गांभीर्याने धरावा. जुन्या संगणकावर प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रणाच्या लहान आकाराच्या प्रती, तयार करून काम करता येते. वर नमूद केलेल्या चारही प्रमुख प्रणालींत ही सोय आहे.

दोन स्थानिक कसोट्या

परदेशी परीक्षणांत सहसा न आढळणाऱ्या दोन बाबी मराठी वापरकर्त्याने स्वतः तपासणे आवश्यक आहे. पहिली बाब फ्रेमच्या दराची. भारतातील दूरचित्रवाणीची परंपरा सेकंदाला २५ फ्रेमची असून विद्युतप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. भ्रमणध्वनी मात्र बहुधा ३० फ्रेमच्या दराने चित्रण करतात आणि तो दरही प्रकाशानुसार कमी-अधिक होतो. असे चित्रण कॅमेऱ्याच्या २५ फ्रेमच्या चित्रणाशी जोडताना हालचाल अडखळते, तसेच लांबलचक भाषणात ओठ व आवाज यांचा मेळ सुटू शकतो. निवडलेली प्रणाली हा बदलता दर कसा हाताळते, हे अर्ध्या तासाच्या सलग चित्रणावर पाहावे.

दुसरी बाब देवनागरीची. युनिकोड मजकुरात जोडाक्षरे योग्य जागी जुळवण्याचे काम प्रणालीच्या अक्षरजुळणी यंत्रणेला करावे लागते. ती यंत्रणा अपुरी असल्यास पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षर तुटून पायमोडके दिसते. त्यामुळे अनेक स्टुडिओंत वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये शीर्षके टंकण्यात येत होती. तो मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेल्यास वाचता येत नसे. प्रीमिअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीची मजकूर यंत्रणा पसंतीक्रमातून निवडावी लागते. कोणत्याही प्रणालीत 'दुसऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'शक्ती', 'कीर्तन', 'किल्ल्यांवर' आणि 'कृष्णा' हे शब्द टंकून पाहिल्यास काही क्षणांत निकाल कळतो. विशेषतः 'दुसऱ्या'मधील ऱ्य हा मराठीचा खास कस आहे. हीच चाचणी उपशीर्षकांसाठी आणि तयार झालेल्या चित्रफितीसाठीही स्वतंत्रपणे घ्यावी.

कोणी काय निवडावे

चित्रपट किंवा मालिकांच्या क्षेत्रात सहायक संकलक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांनी त्या क्षेत्रात रुळलेली प्रणाली शिकणे श्रेयस्कर. येथे अ‍ॅव्हिडची ओळख उपयोगी पडते. जाहिरात संस्था वा आंतरजाल माध्यमांसोबत काम करणाऱ्यांसाठी, समोरच्या संस्थेकडे जी प्रणाली आहे तीच सोयीची असते. अनेकदा ती प्रीमिअर असते. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या विवाह-चित्रणकारांना प्रोजेक्ट फारसे कोणाकडे पाठवायचे नसते, मात्र जुने काम पुन्हा उघडावे लागते. त्यांच्यासाठी एकरकमी किमतीची प्रणाली अधिक सुरक्षित ठरते. मॅक असल्यास फायनल कट, तसेच सक्षम ग्राफिक कार्ड असल्यास रिझॉल्व्ह. शाळा, वाचनालये आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळे यांच्याकडे दरवर्षी कार्यकर्ते बदलतात. तेथे कोणाच्या वैयक्तिक खात्यावरील वर्गणीपेक्षा मुक्त स्रोत प्रणाली योग्य, कारण नव्या कार्यकर्त्याला ती त्याच दिवशी विनाखर्च घेता येते आणि आधीचे काम अडून राहत नाही.

निर्णयापूर्वीची चाचणी

अंतिम निर्णयापूर्वी दोन प्रणालींत एकाच चित्रणाचे पाच मिनिटांचे संकलन करून पाहावे. त्यात दोन कॅमेऱ्यांचे चित्रण, भ्रमणध्वनीवरील एक भाग, मराठी शीर्षक, पार्श्वसंगीत आणि थोडी रंगदुरुस्ती असावी. चित्रफीत तयार झाली की चाचणी संपली, असे मानू नये. त्यानंतर ते प्रोजेक्ट एक्सएमएल किंवा अन्य सामाईक स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत उघडावे आणि काय सोबत आले व काय गळाले, याची नोंद करावी. ही नोंद म्हणजेच त्या प्रणालीतून बाहेर पडण्याची किंमत होय.

प्रत्येक प्रकल्प पूर्ण झाल्यावर पाच गोष्टी एकत्र ठेवण्याची सवय लावावी : मूळ चित्रण, प्रोजेक्ट फाइल, तिची सामाईक स्वरूपातील प्रत, उच्च दर्जाची तयार चित्रफीत आणि शीर्षकांसह उपशीर्षकांचा साधा मजकूर. शक्य असल्यास शीर्षकांविना असलेली चित्रफीत आणि निवेदन, संगीत व मूळ ध्वनी यांचे वेगवेगळे पट्टेही जपावेत. एवढे हाती असल्यास प्रणाली बंद पडली तरी नाव दुरुस्त करणे, निवेदन बदलणे किंवा दुसऱ्या भाषेतील आवृत्ती काढणे शक्य राहते. एखाद्या गावातील वृद्ध कलावंताची मुलाखत वा मंडळाच्या नाटकाचा एकमेव प्रयोग पुन्हा चित्रित करता येत नाही. तो ज्या प्रणालीत संकलित झाला तिच्यापेक्षा त्याचे आयुष्य अधिक असावे, हाच निवडीचा अंतिम निकष आहे.